ऑस्कर दिलंय ना, मग अजून काय पाहिजे?

तिरकीट: "कृष्णवर्णीयांच्या डॉक्युमेंटऱ्यांना ऑस्कर मिळतंय तरी रडगाणं चालूच" असं परवा इथल्याच एका विद्वानाने लिहिलं, तेव्हापासून डोकं फिरलंय म्हणून सविस्तर. 2022 ला विल स्मिथने ख्रिस रॉकच्या थोबाडीत मारली हे शेंबड्या पोरालाही माहितीये. रॉक स्टेजवर आला कशाला होता? डॉक्युमेंटरीचं ऑस्कर द्यायला! ते मिळालं क्वेस्टलव या काळ्या संगीतकाराच्या 'समर ऑफ सोल'ला. हार्लेम या न्यूयॉर्कमधल्या काळ्यांच्या वस्तीतल्या 1969 च्या म्युझिक फेस्टिवलचं जवळजवळ 40 तासांचं शूटिंग, पन्नासेक वर्षं तळघरात पडून, कारण घ्यायला कुणी तयार नाही. शेवटी बाहेर आलं, जिंकलं, आणि बातमी कशाची? थपडेची. 2010 ला रॉजर रॉस विल्यम्स या काळ्या दिग्दर्शकाला शॉर्ट डॉक्युमेंटरीचं मिळालं, तर भाषण सुरू होतंय तोच त्याच्याशी भांडलेली प्रोड्यूसर बाई मध्ये घुसली. चर्चा तिचीच.

खडूस_काका: तो विद्वान मीच. मारणारा काळा, खाणारा काळा, यात मीडियाचा काय दोष? आणि 2017 ला ओजे सिम्पसन या काळ्या खेळाडूवरच्या पावणेआठ तासांच्या फिल्मला दिलं की!

तिरकीट: दिलं, आणि लगेच नियम बदलून अशा मालिकांना दार बंद केलं. तेही लिहा काका.

रात्रपाळी: त्या सकाळी मी एका पेपरच्या वेबसाइटवर शिफ्टला होतो. थपडेच्या अकरा बातम्या एकट्याने टाकल्या. 'समर ऑफ सोल'ला विजेत्यांच्या यादीत एक ओळ. त्याच गटात आपली भारतातली डॉक्युमेंटरी 'रायटिंग विथ फायर' हरली, तिलाही एकच ओळ.

मिरजकर: आपली कसली? दलित बायांची गोष्ट, कॅमेरा दुसऱ्यांचा. ज्यांच्यावर फिल्म आहे त्या बायांच्या 'खबर लहरिया' या वृत्तसंस्थेनेच ऑस्करच्या आधी निवेदन काढून सांगितलं होतं की ही आमची पूर्ण गोष्ट नाही.

खडूस_काका: म्हणजे ज्याची जात त्यानेच फिल्म काढायची? मग आनंद पटवर्धनांनी 14 वर्षं खपून दलितांवरची 'जय भीम कॉम्रेड' ही डॉक्युमेंटरी केली ती फुकट का?

मिरजकर: फुकट कोण म्हणालं? तोंडात शब्द कोंबू नका. आमच्या वस्तीत ती पडदा लावून दाखवली, 1997 ला पोलिसांनी दलितांवर गोळ्या झाडल्या त्या रमाबाई नगरचं नाव आलं आणि माझी आजी उठून आत गेली ती जेवायलाही आली नाही. फिल्म खरीच आहे. पण 1972 ला दलित पँथर काढताना आपण अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून पँथर हे नाव आणलं, कॅमेरा नाही आणला, हे माझं दुखणं. तिकडे 1968 ला 'ब्लॅक जर्नल' हा टीव्ही कार्यक्रम काळ्यांसाठी म्हणून काढला आणि वर बॉस गोरा, तर स्टाफने सरळ काम बंद केलं. मग विल्यम ग्रीव्ह्ज हा काळा दिग्दर्शक बॉस म्हणून आला.

रात्रपाळी: त्याच ग्रीव्ह्जने त्याच वर्षी सेंट्रल पार्कमध्ये शूट केलेल्या फिल्मला कित्येक वर्षं डिस्ट्रिब्यूटर मिळाला नाही. इंडी, म्हणजे मोठ्या स्टुडिओशिवाय काढलेली फिल्म, ती ही अशी. 'समर ऑफ सोल' तर शेवटी डिस्नेच्याच घरात गेली.

तिरकीट: हो, ते मान्य. नाइलाजाने.

खडूस_काका: बरं बाबांनो, मी मूर्ख, तुम्ही शहाणे. बघायला कुठून सुरुवात करू? पावणेआठ तास जमणार नाही, गुडघे धरतात.

तिरकीट: 'समर ऑफ सोल', दोनच तास. स्टीव्ही वंडर ड्रम वाजवतो.

खडूस_काका: तो पियानोवाला ना? ड्रम पण? पाठवा लिंक.