काळा दगड तिथेही आणि इथेही, मग सोने फक्त कोलारलाच का?

कानथडी (साक्री तालुका):

नमस्कार मंडळी. आमच्या शेतातील विहीर खोल करण्याचे काम सध्या चालू आहे. शेतातून पूर्व-पश्चिम गेलेला काळ्या पाषाणाचा एक उभा पट्टा आहे, आणि विहीर त्याच्या अगदी कडेला आहे. सुमारे सत्तर फुटांवर सुरुंग लावल्यानंतर यारीने जे डबर वर आले, त्यातील एका दगडात पांढऱ्या गारगोटीची पोकळी होती आणि पोकळीत मोहरीएवढे पिवळेधमक कण चकाकत होते. यारीवरच्या मजुराने तो दगड वडिलांपुढे धरून विचारले, "आबा, हाई सोनं शे का?" संध्याकाळपर्यंत निम्मे गाव बांधावर येऊन गेले.

मी माध्यमिक शाळेत शिकवतो. दुसऱ्या दिवशी तो दगड वर्गात नेला, तेव्हा नववीच्या एका मुलीने विचारले की कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणीचा खडकही काळा असतो असे पुस्तकात आहे, आपला तर सगळा मुलूखच काळ्या खडकाचा आहे, मग सोने तिकडेच का? मी "तो खडक फार जुना आहे" एवढे सांगून वेळ निभावली, पण ते उत्तर पुरेसे नाही हे मला बोलतानाच जाणवत होते. जुनेपणाने खडकात सोने कसे येईल? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

खडकवाटा:

गुरुजी, आधी दगडाचे पाहू. चिनीमातीच्या फरशीच्या मागच्या, चकाकी नसलेल्या खरबरीत बाजूवर तो कण दाबून ओढा. सोन्याची रेघ पिवळीच उमटते; लोह आणि गंधक यांच्या संयुगाची, म्हणजे पायराइटची, रेघ हिरवट काळी येते. दुसरी खूण टाचणीची. सोने मऊ असल्यामुळे त्यावर टाचणीचा ओरखडा उठतो आणि ठोकल्यास ते चपटे होते, तर पायराइटवर टाचणी घसरते आणि ठोकल्यास त्याचा चुरा होतो. आपल्याकडच्या पोकळ्यांत स्टिलबाइट, अपोफिलाइट, कॅल्साइट आणि गारगोटी विपुल सापडतात (जळगाव आणि सावदा येथील खाणींतील असे स्फटिक जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहेत), आणि क्वचित त्यांच्या सोबतीला पायराइटही असते. आपला दगड त्यांपैकीच असावा.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो, कारण तो फार चांगला आहे. तिची तुलना बरोबर आहे, हे तिला आधी सांगा. कोलारचा तो काळा खडक मुळात बेसाल्टच, म्हणजे लाव्हा थिजून झालेला खडकच, होता. सुमारे २७० कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी लाव्हा वाहिला आणि थिजला. हट्टी, गदग, रामगिरी येथील पट्ट्यांतही असे लाव्हा सापडतात. आपला दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. दोन्ही ठिकाणी मूळ माल साधारण एकाच जातीचा. बेसाल्टमध्ये सोने असतेही, पण एका टनात काही मिलिग्रॅम इतकेच, आणि खाण चालवायची तर टनामागे काही ग्रॅम लागते. म्हणजे निसर्गाने कुठेतरी ते हजारपट गोळा करून ठेवलेले असायला हवे. कोलारला हे गोळा करण्याचे काम झाले, आपल्याकडे झाले नाही.

ते काम कसे झाले, ते पाहा. दक्षिण भारताचा धारवाड भूखंड हा ३०० कोटी वर्षांहून जुन्या नाइस (दाबाने आणि उष्णतेने बदललेल्या, पट्टेदार) खडकांच्या पायावर उभा आहे, आणि त्यात हे काळे पट्टे चिंचोळ्या चिरफळ्यांसारखे अडकलेले आहेत. कोलारचा पट्टा सुमारे ८० किलोमीटर लांब आणि जेमतेम तीन-चार किलोमीटर रुंद आहे. सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वी, पृथ्वीच्या कवचाचे तुकडे एकमेकांवर रेटले जात असताना आणि खालून ग्रॅनाइटचा वितळलेला रस चढत असताना, हे पट्टे दाबले गेले, भाजले गेले आणि उभ्या भेगांनी कापले गेले. लाव्हातील खनिजांमध्ये बांधलेले पाणी त्या उष्णतेने सुटले आणि गंधकाच्या सोबतीने सोने विरघळवून घेत त्या भेगांमधून वर निघाले. वाटेत दाब अचानक उतरला, किंवा पाण्यातील गंधक आजूबाजूच्या खडकातील लोहाने ओढून घेतले, की सोन्याला विरघळलेले राहता येईना आणि ते गारगोटीच्या शिरांमध्ये बसले. लोहाने गंधक ओढले की पायराइट तयार होते, म्हणून खऱ्या सोन्याच्या शिरेतही ते बहुधा सापडते. आपल्या दगडातील पायराइट मात्र एकटेच आले आहे. कोलारची चॅम्पियन शीर अशाच शिरांपैकी एक. तिच्या मागोमाग खाण तीन किलोमीटरहून अधिक खोल गेली, एकूण सुमारे ८०० टन सोने निघाले आणि २८ फेब्रुवारी २००१ रोजी ती बंद झाली. आज देशात मोठ्या प्रमाणावर खाणीतून सोने काढले जाते ते रायचूर जिल्ह्यातील हट्टीला.

याउलट आपला लाव्हा आडवा पसरला तसाच आडवा पडून आहे. सातपुड्याच्या किंवा अजिंठ्याच्या कड्याकडे पाहा, थरावर थर पायऱ्यांसारखे दिसतात. काही ठिकाणी ते थोडे कलले आहेत, भ्रंशांनी तुटले आहेत, पण खोल गाडले जाऊन भाजून निघालेले नाहीत. त्यांच्या पोकळ्यांतून जे कोमट पाणी फिरले, त्याने गारगोटी आणि स्फटिक तेवढे बसवले. वय कमी आहे हे खरे, पण फरक वयापेक्षा त्या खडकाने काय सोसले याचा आहे, असे त्या मुलीला सांगा.

एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. हट्टीजवळच्या मस्कीला १९१५ साली सोन्याच्या शोधात हिंडणाऱ्या बीडन नावाच्या अभियंत्याला एका खडकावर लेख दिसला, आणि त्यात अशोकाचे नाव स्पष्ट कोरलेले निघाले. इतर लेखांत स्वतःला 'देवानंपिय' (देवांचा प्रिय) म्हणवणारा राजा अशोकच, हे त्यामुळे पक्के झाले.

सराफकट्टा (जळगाव):

आमच्या शहराला सुवर्णनगरी म्हणतात, त्यामुळे असे दगड घेऊन लोक दुकानात येतातच. रेघ काळी उमटली की समोरच्या माणसाचा चेहरा पडतो, आणि ते पाहणे आम्हालाही जड जाते. गावात बातमी पसरली असेल तर ती लवकर आवरा, एवढे मात्र कळकळीने सांगतो. फेब्रुवारी २०२० मध्ये उत्तर प्रदेशातील सोनभद्र येथे तीन हजार टनांहून अधिक सोने सापडल्याचे देशभर छापून आले होते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने लगेच खुलासा केला की ५२ हजार टनांच्या आसपास धातुक, म्हणजे सोने असलेला दगड, आहे, त्यात टनामागे ३.०३ ग्रॅम सोने आहे, म्हणजे एकूण १६० किलोच्या जवळपास. बातमीत दगडाचे वजन आणि सोन्याचे वजन वेगळे मांडलेले नसेल, तर आकडा मनावर घेऊ नये.

कानथडी:

दोघांचे मनापासून आभार. रेघ काळी आली. ती मुलांच्या हातूनच ओढवली आणि टाचणीही त्यांनाच चालवू दिली. वडिलांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "चला, पाणी तरी लागू दे." वर्गातून आता पुढचा प्रश्न आला आहे. आपल्या लाव्हाच्या खाली काय आहे? तिथे धारवाडसारखे पट्टे असू शकतील का?

खडकवाटा:

लाव्हाखाली जुना खडक आहे, हे छिद्रे पाडून पाहिलेले आहे. किल्लारीला १९९३ च्या भूकंपानंतर जे छिद्र घेतले, त्यात ३३८ मीटर बेसाल्ट ओलांडल्यावर नाइस खडक लागला. कोयनेच्या परिसरात तो काही ठिकाणी ९०० मीटरांहून अधिक खोल आहे. तिथे खाली धारवाड भूखंडच पुढे पसरलेला असावा, असे मानतात.

खानदेशाची गोष्ट थोडी निराळी आहे, कारण आपण एका जुन्या सांध्यावर बसलो आहोत. उत्तरेचा बुंदेलखंडाचा भूखंड आणि दक्षिणेचे बस्तर आणि धारवाड हे भूखंड फार प्राचीन काळी ज्या पट्ट्यात एकमेकांना जोडले गेले, तो नर्मदा, सातपुडा आणि तापी यांच्या दिशेने जातो. सोनभद्रचे ते सोने याच पट्ट्याच्या पूर्व टोकाकडचे. महाराष्ट्रातही नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांतील साकोलीच्या प्राचीन खडकांत परसोडीसारख्या ठिकाणी सोने आढळले आहे, पण तिथे लाव्हाचे पांघरूण नाही. आपल्या खाली काही असले तरी त्यावर शेकडो मीटर बेसाल्ट आहे, आणि तापीकाठी त्याच्याही वर गाळाचा जाड थर.

सांधा मात्र अजून पुरता निवलेला नाही. १९३८ साली सातपुड्यात झालेला मोठा भूकंप, चोपडा तालुक्यातील उनपदेवचे गरम पाणी, आणि आपल्या शेतातला तो उभा पट्टाही याच दिशेशी नाते सांगतात. त्या पट्ट्याला डाइक म्हणतात. थरांमधील भेगेत वर चढून थिजलेला तो लाव्हा आहे. नंदुरबार आणि धुळे जिल्ह्यांत असे दोनशेहून अधिक डाइक मोजले गेले आहेत, बहुतेक पूर्व-पश्चिम, आणि त्यांतील सर्वांत लांब डाइक साक्रीकडून धुळ्यावरून पारोळ्याकडे जाणारा, ७९ किलोमीटरचा.

आबांना एक निरोप द्या. घट्ट डाइक बऱ्याचदा जमिनीखालच्या बांधासारखा पाणी अडवतो, त्यामुळे चढाच्या बाजूच्या विहिरीला पाणी टिकते आणि उताराच्या बाजूची लवकर आटते. आपली विहीर चढाच्या बाजूला असेल, तर खोली वाढवताना सुरुंगाने तो पट्टा आरपार फोडू देऊ नका. आडवे बोअर घ्यायचे झाल्यास पट्ट्याला समांतर घ्या. त्याच्या कडेला खडक भेगाळलेला असतो आणि पाणी तिथूनच येण्याची शक्यता अधिक.