बेल्टचे रंग म्हणजे सात चक्रं? कुणी सांगितलं हो?

मोडकाअंगठा:
सोसायटीच्या ग्रुपवर सकाळी आलेली ढकलपोस्ट: 'कराटेच्या बेल्टचे रंग म्हणजे आपली सात चक्रं, हिरवा म्हणजे अनाहत. बोधिधर्माने ही विद्या चीनला नेली, तिथून ती जपानला गेली. पूर्वी एकच पांढरा पट्टा असायचा, घामामातीने मळून तो काळा व्हायचा.' खाली बावीस नमस्कार. मी उत्तर लिहायला घेतलं तर सेक्रेटरी म्हणाले, 'आत्ता पाण्याच्या टाकीचा विषय चालू आहे.' म्हणून इथे ओकतो.

पट्ट्यांची भानगड मुळात ज्युदोची, कराटेची नाही. ज्युदोचा जनक कानो जिगोरोने १८८२ ला टोकियोत कोदोकान ही ज्युदोची शाळा काढली आणि पुढच्याच वर्षी दोन शिष्यांना शोदान, म्हणजे पहिली दान पदवी दिली. 'दान' ही पायरी 'गो' नावाच्या पटावरच्या खेळातून उचललेली. तेव्हा काळा पट्टा नव्हताच, तो १८८६ च्या सुमारास आला. कराटे ओकिनावा बेटाचं. तिथला कराटेगुरू फुनाकोशी १९२२ ला टोकियोत आला आणि १९२४ मध्ये त्याने कानोचीच पद्धत घेऊन पहिली दान पदवी दिली. पिवळा-केशरी-हिरवा-निळा ही रंगपंचमी युरोपातली. लंडनच्या बुदोक्वाई या ज्युदो क्लबात १९२० च्या दशकातच रंगीत पट्टे होते. १९३५ ला पॅरिसला गेलेल्या कावाइशी या जपानी ज्युदोगुरूने ती पद्धत फ्रान्सभर रुळवली, कारण तिकडच्या शिष्यांना दर थोड्या दिवसांनी प्रगती डोळ्यांना दिसायला हवी होती.

आणि मळून काळा? माझा काळा पट्टा बारा वर्षं वापरातला आहे. गाठीपाशी वरचं सॅटिन झिजून आतलं पांढरं सूत बाहेर आलंय. म्हणजे प्रवास उलटा आहे, काळ्याचा पांढरा.

सह्याद्रीपुत्र:
आपलं काही निघालं की काही लोकांच्या पोटात दुखतं. बोधिधर्म कांचीचा राजपुत्र, शाओलिनला गेला, हे सगळ्या जगाला माहीत आहे. फक्त तुम्हालाच पुरावा लागतो.

मोडकाअंगठा:
परंपरा तसं सांगते, मान्य. पण व्यायामाचं जे पुस्तक त्याच्या नावावर खपवतात, ते 'यिजिन जिंग' सतराव्या शतकातलं आहे. आणि जरा बेल्ट मोजा: पांढरा, पिवळा, केशरी, हिरवा, निळा, जांभळा, ब्राऊन, काळा. झाले आठ. ब्राऊन कुठलं चक्र? चक्रांना इंद्रधनुष्याचे रंग लावणं हीसुद्धा विसाव्या शतकातली पाश्चात्त्य हौस. 'षट्चक्रनिरूपण' या चक्रांवरच्या जुन्या संस्कृत ग्रंथात अनाहत, म्हणजे हृदयापाशी मानलेलं चक्र बंधूकाच्या, म्हणजे आपल्या दुपारीच्या फुलासारखं लाल आहे. पोस्टीत ते हिरवं करून टाकलंय.

कोपरखळी_ताई:
इतिहास बरोबर असेल, पण सूर आवडला नाही. मी तायक्वांदो शिकले. आम्हाला परीक्षेत तोंडी विचारायचे: पांढरा म्हणजे कोरी पाटी, पिवळा म्हणजे बी रुजते ती माती, हिरवा कोंब, निळं आभाळ, लाल म्हणजे धोका. मागून लावलेला अर्थ असेल, म्हणून काय खोटा झाला? मंगळसूत्राच्या दोन वाट्या म्हणजे सासर-माहेर, हे तरी कोणत्या वेदात लिहिलंय?

बाकी, 'पट्टा धुतला की विद्या जाते' असं आमचे सर सांगायचे. आईने माझा पट्टा साबणाच्या पाण्यात रात्रभर भिजवला. विद्या राहिली, वास गेला.

दोनपोरांचाबाप:
अर्थ राहू द्या, खर्चावर बोला. दर तीन महिन्यांनी नऊशे रुपये परीक्षा फी, दोन पोरं, हिशेब तुम्हीच करा. मध्येच 'यलो वन', 'यलो टू' म्हणून चिकटपट्टीची एक रेघ, तिचे वेगळे. ग्रीन बेल्ट पहिल्याच धुण्यात असा सुटला की दोन्ही ड्रेस कोथिंबिरीच्या चटणीत बुडवल्यासारखे झाले. आणि आजवर नापास कुणी नाही! आठ वर्षांचं पोर ब्लॅक बेल्ट लावून फिरतं आणि बुटाची नाडी आजी बांधते.

हॉलभाडंकर:
मी क्लास चालवतो. हॉलचं भाडं, मॅट, स्पर्धेच्या एन्ट्र्या कोण भरतं, तुम्ही? कथ्थकच्या परीक्षेला मुकाट पैसे भरता, आमच्या वेळी बरोबर चोर आठवतात.

दोनपोरांचाबाप:
चोर मी म्हटलं नाही. तुम्हाला का लागलं?

हॉलभाडंकर:
लागणारच. ऐका. एकदा चार मुलांना नापास केलं. किबादाचीत, म्हणजे घोड्यावर बसल्यासारख्या पवित्र्यात, दहा आकडे उभं राहता येईना, काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचा क्रम, अर्ध्यात विसरले. सोमवारी चारपैकी तीन समोरच्या क्लासात. महिन्याभरात तिघांच्या कमरेला ब्लू बेल्ट. एकाची आई मला भाजीच्या गाडीवर भेटली आणि म्हणाली, 'सर, तुमच्याकडे प्रोग्रेस दिसत नव्हती.' तेव्हापासून मीही रेघ चिकटवतो. शोदान म्हणजे पहिली पायरी, हे पोरांना कळतं हो. पालकांना शेवटचा फोटो हवा असतो.

मोडकाअंगठा:
म्हणजे पॅरिसात जे झालं तेच तुमच्या हॉलात. फक्त कावाइशीला समोरचा क्लास नव्हता. ताई, वाट्यांचा मुद्दा मान्य, नाइलाजाने. अर्थ लावा, पण 'प्राचीन' म्हणून विकू नका.

कोपरखळी_ताई:
नाइलाजाने का होईना, केलात मान्य. स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

सह्याद्रीपुत्र:
ब्राऊनचं चक्र सापडेपर्यंत पोस्ट मागे घेतो, व्हा खूश. पण बोधिधर्म आमचाच.

दोनपोरांचाबाप:
रविवारी धाकट्याची पर्पलची परीक्षा आहे. फी भरली. टोमणे नकोत.

हॉलभाडंकर:
किबादाचीत त्याला गुडघे बाहेर ढकलायला सांगा. तिथेच सगळे ढासळतात.