जुनी तांब्या-पितळेची भांडी आणि जुना इतिहास : ठाण्याहून एका दिवसात कुठे जाऊन यावे?

मासुंदाकाठ

नमस्कार. आम्ही ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगत राहतो. गेल्या वर्षी घर नवे केले, तेव्हा स्वयंपाकघरात एक लांब सागवानी फळी बसवून घेतली आणि तिच्यावर जुनी भांडी मांडायची असे ठरले. माझ्या आजीकडे घंगाळ, हंडे, तपेली, दोन मोठ्या समया असे पुष्कळ होते. परंतु घरात स्टील आले त्या काळात ते सगळे मोडीत गेले आणि आता आमच्याकडे तिचा केवळ एक अडकित्ता उरला आहे. नुसती खरेदी करून परतावे असे मात्र वाटत नाही. आठ वर्षांची मुलगी सोबत असते, त्यामुळे त्याच फेरीत तिला आपल्या परिसराचा जुना इतिहास दाखवता आला तर अधिक बरे. शनिवार किंवा रविवार, शक्यतो लोकलचा प्रवास आणि संध्याकाळपर्यंत घरी परत, एवढ्याच अटी आहेत. ज्यांनी अशा फेऱ्या केल्या आहेत त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे. खरे-खोटे कसे ओळखावे, हेही सांगितल्यास उपकार होतील.

जुना गडू

आपला प्रश्न वाचून बरे वाटले, कारण बहुतेक लोक थेट चोर बाजार गाठतात, पहिल्याच दुकानात भाळतात आणि घरी आल्यावर हळहळतात. माझी सूचना अशी की पहिल्या फेरीत काहीही विकत घेऊ नये. ठाण्याहून जलद गाडीने भायखळ्याला उतरावे आणि राणीच्या बागेला लागून असलेल्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात दोन तास घालवावेत (बुधवारी ते बंद असते). हे संग्रहालय १८७२ साली लोकांसाठी खुले झाले आणि जुन्या कारागिरीचे उत्तम नमुने तेथे शांतपणे पाहता येतात. एकदा डोळ्यांना चांगल्या कामाची सवय झाली की बाजारातील बनावट वस्तू आपोआप खटकू लागते. ही सवय वाचून लागत नाही.

मुलीला आवारातील दगडी हत्ती अवश्य दाखवा. घारापुरी बेटाला पोर्तुगिजांनी ‘एलिफंटा’ हे नाव ज्या हत्तीवरून दिले, तोच हा. १८६४ साली तो इंग्लंडला नेण्याच्या इराद्याने उचलला जात असताना कोसळून फुटला, त्याचे तुकडे मुंबईत आणून ठेवण्यात आले आणि पुढे १९१४ मध्ये ते जोडून हत्ती पुन्हा उभा करण्यात आला. जुनी वस्तू तिच्या जागेवरून हलवली की काय होऊ शकते, हे लहान मुलाला सांगण्यासाठी याहून सोपे उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

दुसऱ्या फेरीत चोर बाजार. धीम्या गाडीने सँडहर्स्ट रोडला उतरून मटण स्ट्रीटपर्यंत चालत जाता येते. तेथील जुन्या वस्तूंची दुकाने शुक्रवारी बंद असतात. शुक्रवारी पहाटे रस्त्यावर भरणारा बाजार निराळा आणि तो कुटुंबाला घेऊन जाण्याचा नव्हे. रविवारी आपल्या मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक असण्याची शक्यता गृहीत धरूनच निघावे लागते, त्यामुळे मी शनिवार पसंत करतो. सकाळी अकराच्या आधी पोहोचून उपयोग नाही, कारण अर्धी दुकाने तेव्हा शटर उचलत असतात.

आता खरे-खोटे. खिशात एक लहान लोहचुंबक ठेवावा. पितळेला तो चिकटत नाही. चिकटला तर आत लोखंड आहे आणि वर नुसता मुलामा आहे असे समजावे. नव्या भांड्याला रसायन लावून काळे केलेले असेल, तर तो काळेपणा सगळीकडे सारखा दिसतो, बुडालाही आणि कडीखालीही. वापरलेले भांडे मात्र जिथे हात लागतो तिथे गुळगुळीत आणि उजळ असते, खाचाखोचांत काळे असते आणि त्याचे बूड एका बाजूला अधिक झिजलेले असते. कर्णा झळाळणारा, खालची पेटी अष्टकोनी आणि कंपनीचे चिन्ह कोरे करकरीत असा ग्रामोफोन दिसला की पुढे चालू लागावे. तसे शेकड्यांनी नव्याने जुळवून विकले जातात. त्याचप्रमाणे राम, लक्ष्मण, सीता यांचे चित्र आणि मागे ईस्ट इंडिया कंपनीचे नाव असलेली ‘१८१८ सालची’ नाणी कोणी दाखवली, तर नम्रपणे परत करावीत. कंपनीने अशी नाणी चलनात कधीच आणली नव्हती, आणि ती लाखो रुपयांना विकली जातात या वार्तेवर तर मुळीच विश्वास ठेवू नये.

नेरुळ सेक्टर दहा

वरील माहितीत एक भर घालतो, कारण हा भाग लोक हटकून विसरतात. १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायद्यानुसार (तो ५ एप्रिल १९७६ पासून लागू झाला) शंभर वर्षांहून जुन्या वस्तू पुरावशेष ठरतात. हस्तलिखितांसाठी ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. त्यांचा व्यापार करण्यासाठी परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. जुन्या दगडी किंवा धातूच्या मूर्तींची नोंदणी करावी लागते. म्हणून जुनी मूर्ती ‘एका पडक्या देवळातली आहे’ असे विक्रेता कौतुकाने सांगू लागला, तर ते न घेण्याचे पहिले कारण समजावे. हस्तिदंताच्या डब्या आणि फण्यांच्या वाटेलाही जाऊ नये. त्यांची विक्री वन्यजीव कायद्याने बंद आहे. आपल्याला घंगाळ हवे आहे, तेव्हा घाबरण्याचे कारण नाही, पण पावती मात्र मागून घ्यावी.

कल्याणची सुनंदामावशी

चोर बाजाराबद्दल जे लिहिले आहे ते खरे आहे, परंतु केवळ भांड्यांसाठी तिथवर जाण्याची गरज आहे असे मला वाटत नाही. आपल्या आजीची भांडी कुठे गेली? मोडीत. मोड घेते कोण? भांडीवाला. आजही कल्याणच्या किंवा पनवेलच्या जुन्या बाजारपेठेतील भांड्यांच्या दुकानात लोक घर आवरताना निघालेली तांब्या-पितळेची भांडी आणून देतात, आणि ती वितळवायला जाण्यापूर्वी काही दिवस दुकानाच्या मागच्या बाजूला गोणीत पडून असतात. ‘मोडीतले काही बघायला मिळेल का?’ असे विचारले, तर दुकानदार क्षणभर आपल्याकडे संशयाने पाहतो आणि मग गोणी पुढे ओढतो. भाव वजनावर ठरतो. मोडीच्या दरापेक्षा थोडे अधिक दिले तरी तो खूश असतो आणि शोभेच्या दुकानातील किमतीच्या मानाने आपल्याला ते पुष्कळ स्वस्त पडते. माझ्या घरातले घंगाळ, दोन कळश्या आणि एक सुरेख तस्त अशाच गोणीतून आले आहे.

भांडे उलटे करून कडेखाली पाहण्यास विसरू नये. पूर्वी भांड्यांवर नावे घालत असत. ठिपक्याठिपक्यांनी ठोकलेली ही अक्षरे कधी मालकिणीचे नाव, कधी गाव, कधी लग्नाची तिथी सांगतात. माझ्या एका कळशीवर एका बाईचे सासरचे नाव आहे आणि त्याच्याच शेजारी, जरा ओबडधोबड हाताने, माहेरचे. संग्रहालयात मांडावा असा तो ऐवज नाही, परंतु मला त्याचे मोल जास्त वाटते.

इतिहासाचे म्हणाल, तर कल्याणला येताच आहात, तर पुढे अंबरनाथपर्यंत जा. तेथील शिवमंदिर शिलाहारांच्या काळातले आहे आणि त्यावरील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा आहे. सभामंडपातून सुमारे वीस पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जावे लागते. मुलांना हे उतरणे फार आवडते. सकाळी लवकर मंदिर पाहावे, कारण बाहेरच्या भिंतींवरील शिल्पांवर तेव्हा तिरपे ऊन पडते आणि झिजलेले तपशीलही उठून दिसतात. नंतर उलट येऊन कल्याणला बाजार करावा आणि दुपारच्या गाडीने ठाणे गाठावे.

मासुंदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. पुढच्या शनिवारी अंबरनाथ आणि कल्याण, त्यानंतर भायखळा, आणि चोर बाजार सर्वांत शेवटी, असे ठरवले आहे. मावशींना एक विचारायचे आहे. गोणीतले तपेले घेतले, तर त्यात पुन्हा स्वयंपाक करता येईल का, की ते फळीवर मांडण्यापुरतेच राहील? तसेच ठाण्यातच, घराजवळ काही पाहण्यासारखे सुचत असल्यास कळवावे.

कल्याणची सुनंदामावशी

करता येईल की, परंतु आधी आतून कल्हई करून घ्यावी लागेल. कल्हई नसलेल्या पितळेत ताक, चिंच, आमसूल असे आंबट काहीही घालू नये. ते कळकते आणि पोटालाही बाधते. कल्हईवाला आता दारावर क्वचितच येतो, म्हणून ज्या दुकानातून भांडे घ्याल त्यालाच ‘कल्हई करून देता का’ असे आधी विचारा आणि मगच भाव ठरवा. भांड्याला चीर असेल तर ते उन्हाकडे धरून पाहा. झाळ लावलेली जागा लगेच दिसते, आणि असे भांडे चुलीवर चढवण्यापेक्षा फळीवरच बरे.

जुना गडू

घराजवळचे मी सांगतो. तलावपाळीला फिरायला जाताच, तेव्हा कौपिनेश्वराच्या दर्शनानंतर थोडे पुढे ठाण्याच्या किल्ल्याची तटबंदी बाहेरूनच मुलीला दाखवा. पोर्तुगिजांनी बांधायला घेतलेला हा किल्ला १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला आणि आज त्यात मध्यवर्ती कारागृह आहे, म्हणून आत जाता येत नाही. परतताना स्थानकावर तिला सांगा, १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी इथेच येऊन थांबली होती. आणि तो अडकित्ता फळीच्या मधोमध ठेवा.