चर्चा: पावसाळी सहलीच्या शिबिरात सेलिब्रिटींचे जंगल-शो दाखवावेत का?

रानवाटा_इंदूर
आपल्या मंडळातल्या मुलांची पावसाळी सहल इंदूरजवळच्या पाताळपाणी धबधबा–कालाकुंड पट्ट्यात ठरली आहे. आदल्या रविवारी शिबिर आहे आणि त्यात सेलिब्रिटींच्या जंगल-शोमधल्या क्लिप लावायची सूचना आली आहे. माझा तिला विरोध आहे.

साचा सगळ्यांना माहीत आहे. ब्रिटनमध्ये २००२ साली 'आय ॲम अ सेलिब्रिटी, गेट मी आउट ऑफ हिअर' सुरू झालं, त्याचा हिंदी अवतार 'इस जंगल से मुझे बचाओ' २००९ मध्ये सोनीवर आला, चित्रीकरण मलेशियात. कलाकार छावणीत, शिधा जेमतेम, आणि किड्यांच्या खोक्यातून जितक्या खुणेच्या चांदण्या काढाल तितकी जेवणाची ताटं. हा उघड खेळ आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे दुसऱ्या प्रकाराबद्दल, जिथे एखादा नट ब्रिटिश साहसवीर बेअर ग्रिल्सबरोबर दिवसभर फिरतो आणि पाहणाऱ्याला वाटतं की आपण जंगलात तगायला शिकलो. जीव ज्याने वाचतो ते नेमकं कॅमेऱ्यामागे असतं.

पाण्याचंच घ्या. पडद्यावर रुमालातून पाणी गाळतात आणि पितात. रुमालाने गढूळपणा जातो, जंतू जात नाहीत. पाणी खळखळून उकळल्यावर निदान १ मिनिट तसंच उकळत ठेवावं लागतं. क्लोरीनची गोळी टाकली तर पाकिटावरच्या प्रमाणात टाकून ३० मिनिटं थांबायचं, आणि तेही पाणी आधी निवळून, गाळून घेतल्यावर. गढूळ पाण्यात क्लोरीन गाळावरच खर्ची पडतं, जंतूंपर्यंत पुरत नाही. लोकांना हेच माहीत नसतं, मग 'गोळी टाकली होती तरी जुलाब लागले' असं ऐकू येतं. आणि लघवी पिण्याचं दृश्य तर साफ चुकीचं शिकवतं. शरीराने बाहेर टाकलेले क्षार परत आत घेतले की ते बाहेर काढायला आणखी पाणी जातं.

छोटा_पडदा
रानवाटादादा, पाण्याबद्दल पूर्ण सहमत, निष्कर्षाशी नाही.

कॅमेऱ्यामागे डॉक्टर, दोरवाले, वाटाड्या असतात हे आता गुपित राहिलेलं नाही. २००७ मध्ये ग्रिल्सच्या मालिकेतल्या काही रात्री हॉटेलात गेल्याचं बाहेर आलं आणि त्यानंतर सुरुवातीला तशी पाटी दाखवायला लागले. पंतप्रधानांचा कॉर्बेटमधला भाग १२ ऑगस्ट २०१९ ला आला तेव्हा लोकांना प्रश्न पडला की ग्रिल्सना हिंदी कळलं कसं. त्यांच्या कानात भाषांतर ऐकवणारं छोटं यंत्र होतं, हे पुढे 'मन की बात'मध्ये सांगितलं गेलं. म्हणजे पडद्यावर जे दिसतं त्याला मागून आधार असतो, हे मुलांना समजावणं अवघड नाही.

शिवाय ही मुलं हे सगळं मोबाइलवर एकेकटी पाहतातच. शिबिरात क्लिप लावा, जागोजागी थांबवा आणि विचारा: ही दोरी कुठे बांधली असेल? कॅमेरा धरणारा माणूस पलीकडे आधी कसा पोहोचला? नुसत्या भाषणापेक्षा हे मनात जास्त राहील.

आणि एक गोष्ट हे शो फार चांगली दाखवतात. ब्रिटिश कार्यक्रमाचं नाव, म्हणजे 'मी सेलिब्रिटी आहे, मला इथून बाहेर काढा', हेच सुटकेचं वाक्य आहे. परीक्षेच्या मध्यात स्पर्धक ते ओरडला की खेळ तिथल्या तिथे थांबतो, कोणी 'थोडं अजून' म्हणत नाही. आपल्या सहलींत 'मला जमत नाही, परत जाऊ' म्हणणाऱ्या मुलाला भित्रा ठरवतात. एवढी एकच क्लिप दाखवली तरी शिबिराचं काम झालं.

अरणी
आगीबद्दल लिहितो, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथे आहेत.

पडद्यावर काठी फिरते आणि पुढच्या दृश्यात जाळ. मधली पाऊण तासाची धडपड कापलेली असते. आपल्याकडे हे तंत्र यज्ञातल्या अग्निमंथनात आजही जिवंत आहे: खाली अधरारणी म्हणजे लाकडाची फळी, वर फिरणारा चात्र म्हणजे दांडा, त्याच्या टोकाला उत्तरारणी या दुसऱ्या लाकडाचा तुकडा म्हणजे प्रमंथ, डोक्यावर दाबायला ओविली, फिरवायला नेत्र म्हणजे दोरी. दोघं-तिघं आलटून पालटून ओढतात. लाकूड महिनोन्‌महिने वाळवलेलं असतं, तरी घाम निघतो.

रानात एकट्याने धनुष्याच्या दोरीने करायचं तर फिरकी अंगठ्याएवढी जाड आणि वीतभर लांब, खालची फळी बोटभर जाडीची. दोन्ही मऊ, चीक नसलेल्या लाकडाची. नख दाबलं की खूण उठावी पण भुगा होऊ नये, इतकं वाळलेलं. फळीच्या कडेला खाच कापायची, वर्तुळाच्या आठव्या भागाएवढी, तिचं टोक फिरकीने पडलेल्या भोकाच्या मध्यापर्यंत. खाच अरुंद राहिली तर घासून पडणाऱ्या भुकटीला हवा मिळत नाही, रुंद झाली तर भुकटी साचतच नाही. आता भुकटीचा रंग पाहा. फिकट तपकिरी म्हणजे दाब किंवा वेग कमी. खरखरीत आणि केसाळ म्हणजे लाकूड ओलं. काळपट, बारीक आणि फिरवणं थांबवल्यावरही धूर येत राहिला तर निखारा धरला. लगेच फुंकर मारू नका, तो अर्धा-एक मिनिट तसाच घट्ट होऊ द्या, मग वाळक्या गवताच्या घरट्यात हळूच सरकवा.

मालव्यात जुलै-ऑगस्टमध्ये यातलं काहीही होणार नाही. हवेत इतका दमटपणा असतो की सावरीचा कापूससुद्धा ठिणगी धरत नाही. मुलांना चकमकीची सळई देणार असाल तर दोन गोष्टी सांगा. नव्या सळईवर काळा थर असतो, तो आधी खरवडून काढायचा, नाहीतर ठिणगीच येत नाही. आणि पातं पुढे रेटायचं नाही, ते स्थिर धरून सळई मागे ओढायची, म्हणजे रचलेलं गवत उधळत नाही. बाकी दोन लायटर, वेगवेगळ्या पिशव्यांत, प्लास्टिकमध्ये गुंडाळून. सहलीला एवढं पुरतं.

वनकायदा_वाचक
अरणीसाहेबांचं वर्णन सुंदर आहे, पण आग पेटवायची कुठे ते आधी पाहा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे अभयारण्याला धोका होईल अशी आग पेटवणं कलम ३० खाली गुन्हा आहे. परवानगीशिवाय आत शिरणं कलम २७ आणि २८ मध्ये, शस्त्र घेऊन जाणं ३१ मध्ये. रालामंडल तर इंदूर शहराला चिकटून आहे आणि तेही अभयारण्यच आहे, हे मुलांना कोणी सांगतं का?

सेलिब्रिटी शोंवर माझा मुख्य आक्षेप हाच आहे. रजनीकांत आणि अक्षयकुमार यांचे भाग जानेवारी २०२० च्या शेवटी बांदीपूरमध्ये चित्रित झाले. त्याच्या आदल्याच वर्षी, फेब्रुवारी २०१९ मध्ये, तिथलं हजारो एकर जंगल जळालं होतं. वणव्याचा हंगाम तोंडावर असताना व्याघ्र प्रकल्पात चित्रीकरण कशाला, असा विरोध तेव्हाही झाला. ब्रिटिश शोमध्ये २००९ साली दोघा स्पर्धकांनी उंदीर मारून शिजवला, तेव्हा ऑस्ट्रेलियात प्राणिक्रूरतेचा खटला झाला आणि शो दाखवणाऱ्या आयटीव्ही वाहिनीला दंड भरावा लागला. २०१९ पासून तिथे जिवंत किडे खायला लावणंही बंद आहे. प्रेक्षकांच्या लक्षात मात्र 'नट किडा खातो' एवढंच राहतं.

छोटा_पडदा
वनकायदासाहेब, तुम्हीच माझी बाजू मांडलीत. दंड झाला, नियम बदलला, खेळ सुधारला. आणि परवानगी घेऊन केलेलं चित्रीकरण आणि चोरून पेटवलेली शेकोटी यांना एकाच पारड्यात घालू नका. रणवीर सिंहचा २०२२ चा नेटफ्लिक्स भाग तर सर्बियात चित्रित झाला, तिथे आपल्या वाघांना कसला त्रास?

धोका खोटा असतो हेही मला पटत नाही. मार्च २०१५ मध्ये अर्जेंटिनात 'ड्रॉप्ड' या फ्रेंच सेलिब्रिटी शोच्या चित्रीकरणात दोन हेलिकॉप्टर एकमेकांवर आदळून दहा जण गेले. त्यात ऑलिंपिक विजेती जलतरणपटू कमिल म्युफा होती.

रानवाटा_इंदूर
ती घटना अतिशय दुःखद आहे, पण ती माझ्याच बाजूने बोलते. माणसं जंगलाने नेली नाहीत, चित्रीकरणाच्या हेलिकॉप्टरांनी नेली. खरा धोका कुठे असतो याचा अंदाज हे शो देत नाहीत.

दवाखाना_महू
सापाचं मी सांगते. जिवंत साप पकडून खाणं हा या शोंचा लाडका देखावा आहे, त्यामुळे मुलांना साप हाताळावासा वाटतो. आपल्या भागात नाग, मण्यार, घोणस, फुरसं चारही आहेत. मण्यार रात्री चावते आणि बरेचदा दुखतसुद्धा नाही, माणूस झोपतो आणि पहाटे पापण्या जड होतात, श्वास अडखळतो. जखम चिरायची नाही, चोखायची नाही, दोरीने आवळायची नाही. अंगठ्या, घड्याळ, बूट आधी काढा, कारण सूज चढते. हात-पाय फळी बांधून स्थिर ठेवा, मुलाला चालवू नका, उचलून न्या. साप मारून पिशवीत आणायची गरज नाही, प्रतिविष चारही जातींवर चालतं.

एक गोष्ट पालकांना हमखास चुकीची वाटते: मुलाला मोठ्या माणसाइतकाच डोस लागतो, साधारण ८ ते १० कुप्यांनी सुरुवात. सापाने टोचलेलं विष वजन पाहून कमी होत नाही. म्हणून निघण्याआधी फोन करून विचारा, सगळ्यात जवळच्या कोणत्या सरकारी दवाखान्यात तेवढ्या कुप्या आहेत. नसतील तर सरळ इंदूरचं एमवाय रुग्णालय.

क्लिप दाखवायला माझी हरकत नाही, सापाची सोडून.

चोरलकाठ
सगळे आग आणि साप बोलताहेत. पाताळपाणीला माणसं जातात ती पाण्याने. २०११ च्या जुलैमध्ये काठाच्या खडकावर उभी असलेली माणसं लोंढ्यात गेली, तो व्हिडिओ इंदूरमध्ये कोणी पाहिला नसेल असं नाही. धबधब्यावर ऊन असतं आणि वर चोरल नदीच्या खोऱ्यात पाऊस पडून गेलेला असतो.

शोमध्ये नट छातीभर पाण्यातून पलीकडे जातो. खालच्या अंगाला दोर घेऊन माणसं उभी असतात, ती दिसत नाहीत. पाण्याचा वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो, त्यामुळे गुडघाभर वेगवान पाणीही मोठ्या माणसाला पाडतं. पडल्यावर उभं राहायचा प्रयत्न करू नये, पाय दगडांत अडकतो आणि पाणी वरून दाबतं. पाठीवर, पाय प्रवाहाच्या दिशेला, हातांनी काठाकडे सरकत राहायचं. पाठपिशवीचा कमरेचा पट्टा पाण्याजवळ जाण्याआधीच सोडलेला असावा. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पाला वाहत आला किंवा आवाज बदलला, तर सामान उचलायला थांबायचं नाही, वर चढायचं.

छोटापडदादादा, तुमची ती 'मला बाहेर काढा'वाली क्लिप मला मान्य आहे. पण ती लावल्यावर लगेच ठरवा की धबधब्यावर 'परत फिरा' कोण म्हणणार, आणि त्याचं म्हणणं कोणी मोडायचं नाही. दोन मोठी माणसं नेमा, एक वरच्या अंगाला उभा राहून फक्त पाण्याकडे पाहणारा. त्याच्या गळ्यात शिट्टी. फोटो काढायचं काम त्याला देऊ नका.

रानवाटा_इंदूर
शिट्टी आणि दोन माणसं घेतली. सापाची आणि नदी ओलांडायची क्लिप नाही, बाकीचं रविवारी बघू. किडे खायच्या परीक्षेला माझा विरोध अजून तसाच आहे.

छोटा_पडदा
माझाही पाठिंबा तसाच. वरच्या अंगाला मी उभा राहतो.