मतदार यादीतलं नाव
दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेऊन पासपोर्ट बदलला तर फक्त कागद बदलतो, असं काहीजण म्हणतात, ते मला नाही पटत. पुणं बदललं, डेक्कनला मेट्रो आली, त्याची सवय होते हो, पण मतदानाच्या दिवशी कोथरूडला घरचे सगळे मत द्यायला गेले आणि मी ओसीआयवाला (म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेला, ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ कार्ड असलेला) म्हणून घरीच थांबलो तेव्हा फार लागलं मनाला. ओसीआयला मत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही (वारशाने मिळू शकते).

म्हणून ज्यांनी अजून दुसरं नागरिकत्व घेतलेलं नाही त्यांनी फॉर्म ६-अ (परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकांचा मतदार नोंदणीचा अर्ज) भराच, २०१० च्या कायदादुरुस्तीमुळे परदेशात राहूनही पासपोर्टवरच्या भारतातल्या पत्त्यावर यादीत नाव लागतं. मतदानाला मात्र मूळ पासपोर्ट घेऊन स्वतः यावं लागतं.