मदत हवी आहे: पेट स्कॅनमधील पिकोसेकंदांचे गणित

नमस्कार. बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी टिपण लिहिताना एका मुद्द्यावर अडलो आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पेट स्कॅन म्हणजे शरीरात सोडलेल्या किरणोत्सारी पदार्थाच्या साहाय्याने आतले चित्र मिळवण्याची तपासणी. त्या पदार्थातील फ्लुओरिन-१८ मधून निघालेला पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचा धनभारित प्रतिकण) इलेक्ट्रॉनला भेटून नष्ट होतो आणि ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे दोन फोटॉन जवळजवळ विरुद्ध दिशांना निघतात. प्रकाश एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर जातो. त्यामुळे दोन्ही फोटॉन समोरासमोरच्या शोधकांवर (डिटेक्टरवर) पोहोचण्याच्या वेळांतील फरक २०० पिकोसेकंदांपर्यंत (१ नॅनोसेकंद = १,००० पिकोसेकंद) अचूक मोजता आला, तर घटनेची जागा त्या शोधकांना जोडणाऱ्या रेषेवर सुमारे ३ सेंटिमीटरांपर्यंत (मार्गांतील फरकाच्या निम्मी) ठरते, आणि १० पिकोसेकंद गाठले तर थेट दीड मिलिमीटरपर्यंत! हे मला खरोखर विलक्षण वाटते.

अडचण पुढे आहे. फोटॉन आदळल्यावर शोधकातील ल्युटेशियमयुक्त स्फटिकात उमटणारी चमक ओसरण्याचा काळ सुमारे ४० नॅनोसेकंद, म्हणजे ४०,००० पिकोसेकंद आहे. मग इतक्या रेंगाळणाऱ्या चमकेतून २०० पिकोसेकंदांइतका नेमका क्षण कसा पकडतात? सगळी भिस्त सर्वांत आधी पोहोचणाऱ्या मोजक्या प्रकाशकणांवर असावी, असा माझा अंदाज आहे. परंतु चमक स्फटिकात किती खोलवर उमटली यानुसारही त्यांची वेळ बदलणारच. ही तफावत प्रत्यक्ष यंत्रात कशी भरून काढतात, हे बारावीच्या भौतिकशास्त्राच्या आवाक्यात कोणी समजावून सांगू शकेल का?