पळण्याने तुम्हाला काय शिकवलं? (अनुभव लिहा)

भाट्येकर
आज पहाटे आरे-वारेच्या चढावर कॉलेजातली एक मुलगी धापा टाकत विचारते, "काका, अजून किती?" एकदम मुंबईची फुल मॅरेथॉन आठवली. तीस किलोमीटरपर्यंत मजेत होतो, मग पाय म्हणजे जांभा. अंगात साठवलेली साखर ३०-३२ च्या आसपास संपत येते हे वाचलेलं होतं, पण वाचणं वेगळं. त्यात समोर पेडर रोडचा चढ! ४२.१९५ किलोमीटरमधले किती उरले हा हिशेबच सोडला. पुढचा विजेचा खांब तेवढा बघायचा.

पुढे बाबांना अर्धांगवायू झाला. डॉक्टर महिन्यांच्या गोष्टी करत होते. आम्ही पडवीचा पहिला खांब धरला. मग दुसरा. उजवा पाय फरफटायचा, खळ्यात मातीवर रेघ उमटायची. दिवाळीच्या सुमारास तुळशीपाशी पोचले आणि म्हणाले काय, तर "हिला पाणी कोण घालीत नाही काय?"

लिहा तुम्हीपण. पळणारेच हवेत असं नाही.

दापोलीची सून
बाबांना नमस्कार सांगा 😄 डबे भरता भरता लिहितेय. आमच्या सासूबाई आधी "कोण मागे लागलंय का गो?" म्हणायच्या. आता मी उठले नाही तर त्याच दार वाजवतात. बाकी नंतर लिहिते, कुकर झाला.

घामाघूम
पुण्याहून बदली होऊन रत्नागिरीला आलो आणि वाटलं, म्हातारा झालो. तोच मी, तेच बूट, पण वेग पार बसला. इथल्या दमट हवेत घाम सुकत नाही, म्हणून अंग गार होत नाही, एवढंच कारण. पुण्याचा टायमिंग मे महिन्यात भाट्याला मागू नये. मुलाची शाळा बदलली तेव्हा त्याच्या मार्कांबाबतही बायकोला हेच सांगितलं. तिला पटलं नाही. आणि हो, नुसतं पाणी ढोसू नका, रक्तातलं मीठ उतरतं. मी कोकम आगळात मीठ घालून बाटली नेतो.

मालवणी माणूस
ता सगळा बरा, पण कुत्र्यांचा काय करतास ता आधी सांगा. आमच्या वाडीत चार आसत.

घामाघूम
थांबायचं. पळालात की तेही पळणार. खाली वाकून दगड उचलल्यासारखं करा.

मालवणी माणूस
वाकलंय तर कंबार धरता 😭

लांजेकर
थोडं वेगळं लिहितो. दक्षिण आफ्रिकेत कॉम्रेड्स म्हणून शर्यत आहे, १९२१ पासूनची, साधारण ९० किमी. मर्यादा १२ तास. वेळ संपली की बंदूक वाजते, आणि ती वाजवणारा माणूस येणाऱ्यांकडे पाठ करून उभा असतो. एका सेकंदाने हुकलात तरी पदक नाही. एमपीएससी दोन मार्कांनी गेली त्या आठवड्यात हा व्हिडिओ बघितला आणि ढसाढसा रडलो. चिकाटीचं फळ मिळतंच वगैरे मला सांगू नका. आता दुकान टाकलंय, पहाटे पळतोही. पदकासाठी नाही, बरं वाटतं म्हणून.

दापोलीची सून
लांजेकर, +१. माझी सीए अशीच राहिली. दुकान कसलं?

लांजेकर
हार्डवेअर. ताई, पावसात बूट कसे सुकवता? माझ्यांना बुरशी आली.

दापोलीची सून
आतला सोल काढून पेपरचे बोळे कोंबा, दोन तासांनी बदला. चुलीजवळ नको, डिंक सुटतो.

मालवणी माणूस
पेपर येता खय आमच्याकडे, दुपारी बाराक.